आईसाठी जुना फोन : रेडमी नोट ४ तपासतानाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार, पुणे

आईचा फोन मागच्या आठवड्यात मोरीत पडला तो उठलाच नाही. सध्या ती साताऱ्यात बटणांचा साधा फोन वापरते. बोलणं होतं, पण रात्री नाशिकला दादाच्या पोरीचं तोंड दिसत नाही आणि याची तिला रोज हळहळ वाटते. दादा म्हणाला, नवीन घेऊन टाकू. मी म्हटलं, चार आठवडे दे. माझ्या कपाटात रेडमी नोट ४ पडून आहे. चांगला आहे असं मला वाटतं, पण नुसतं वाटण्यावर आईला द्यायचा नाही. नीट तपासून, मोजून, मगच.

फोन माझाच. २०१७ साली घेतला, २०२१ पर्यंत रोज वापरला. १९ जानेवारी २०१७ ला हा भारतात आला तेव्हा तीन प्रकार होते : २ जीबी रॅमचा ९,९९९ रुपयांना, ३ जीबीचा १०,९९९ ला आणि ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणीचा १२,९९९ ला. माझा तिसरा. तेव्हा हजार-दोन हजार वाचवावेत की नाही यावर दोन दिवस घातले होते. आज चार जीबीचा घेतला याचं समाधान आहे, कारण दोन जीबीवाला असता तर ही वही उघडलीच नसती.

आईला फोन कशासाठी हवा ते तिलाच विचारून लिहून घेतलं : फोन, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल, सकाळी रेडिओ, दुपारी अभंग-कीर्तन, फोटो बघणं, अंधारात बॅटरी म्हणजे टॉर्च. शेवटी म्हणाली, "आणि टीव्हीचा रिमोट सापडत नाही बघ, पण त्याचा याच्याशी काय संबंध." संबंध आहे. त्याच्यावर पुढे येते.

आज फोन चार्जिंगला लावला. पहिली वीस मिनिटं काहीच दिसलं नाही. मग लाल बॅटरीचं चित्र आलं. इतकी वर्षं पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, ही माझी चूक. लिथियमच्या बॅटऱ्या निम्म्या भरून ठेवायच्या असतात.

५ जानेवारी, रविवार

आज फक्त हातात घेऊन बघितला. चालू न करता.

साडेपाच इंची पडदा, सोळास नऊ प्रमाणाचा. आताच्या फोनांपेक्षा रुंद आणि बुटका. धातूची पाठ, कडांना उतार, वर आणि खाली प्लास्टिकच्या पट्ट्या, कारण धातूतून रेडिओ लहरी जात नाहीत, अँटेनाला वाट लागते. जाडी साडेआठ मिलिमीटर, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. कॅमेरा पाठीच्या बाहेर आलेला नाही. टेबलावर पालथा ठेवा, उताणा ठेवा, डुगडुगत नाही. आजकाल कॅमेऱ्याचा एवढा मोठा उंचवटा असतो की ओट्यावर ठेवलेल्या फोनवर टाइप करताना तो लंगड्या पाटासारखा हलतो. आई फोन ओट्यावर ठेवूनच वापरणार.

याच सपाटपणाचा दुसरा उपयोग : बॅटरी फुगली असेल तर पाठ फुगते. काचेच्या टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले. हलला नाही. कडेच्या फटीतून नखही जात नाही. फुगलेली नाही.

पडद्याखाली तीन स्पर्शबटणं आहेत, पडद्याच्या बाहेर, कायमची. मध्ये होम, उजवीकडे मागे जाण्याचं. २०१७ मध्येच ही पद्धत जुनी म्हणवली जाऊ लागली होती. त्यानंतर पडदा कडेपर्यंत गेला, बटणं गेली आणि बोटाने ढकलण्याच्या खुणा आल्या. सत्तरीला टेकलेल्या बाईला "खालच्या कडेवरून वर ढकल, पण मध्येच थांबू नको" हे शिकवण्यापेक्षा "हे मधलं दाब, घरी येशील" हे सांगणं किती सोपं! या एका गोष्टीसाठी मी या फोनला नव्यापेक्षा वरचे गुण देते.

वरच्या कडेला इअरफोनचं भोक, त्याच्या शेजारी इन्फ्रारेडचा छोटा काळा ठिपका. खाली मायक्रो यूएसबी आणि दोन्ही बाजूंना जाळ्या. दोन जाळ्या दिसल्या तरी स्पीकर एकच आहे, दुसरी जाळी जोडीला जोड म्हणून.

८ जानेवारी, बुधवार

बॅटरी.

आतली टक्केवारी खोटं बोलू शकते, म्हणून चार्जर आणि फोनच्या मध्ये यूएसबी मीटर लावला. फोन बंद पडेपर्यंत उतरवला आणि मग पूर्ण भरला. मीटरने ११.२ वॉट-तास दाखवले. चार्जरपासून बॅटरीत जाईपर्यंत साधारण आठवा भाग उष्णतेत जातो असं धरलं तर बॅटरीत उतरले ९.८. नवी असताना या बॅटरीची क्षमता ४१०० एमएएच, म्हणजे ३.८५ व्होल्टने १५.८ वॉट-तास. हिशेब सरळ आहे : ६२ टक्के उरली आहे.

नुसती क्षमता कमी असती तर आईला दिवसातून दोनदा लाव म्हटलं असतं. खरी अडचण वेगळी. २३ टक्के असताना कॅमेरा उघडला, फोन पटकन बंद झाला. परत लावला तर १९ टक्के दाखवतो. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा असंच. म्हाताऱ्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. एकदम जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज खाली बसतं, फोनला वाटतं बॅटरी संपली, तो स्वतःला बंद करतो. नळाला पाणी आहे, पण पाइप गंजून अरुंद झालाय, मोठी धार मागितली की सुटत नाही, तसं.

रात्री लाइट गेलेली, आईने टॉर्च लावला आणि फोन बंद पडला, हे चालणार नाही. बॅटरी बदलायची. ती बदलून हा प्रश्न सुटला नाही तर प्रकल्प इथेच थांबवायचा.

११ जानेवारी, शनिवार

आज वेग. आधी जसा आहे तसाच मोजला, मग साफ करून पुन्हा.

मोजायची माझी पद्धत : दुसऱ्या फोनने सेकंदाला ६० चित्रांचा व्हिडिओ घ्यायचा आणि बोट टेकल्यापासून अॅप वापरण्याजोगं होईपर्यंतची चित्रं मोजायची. घड्याळ हातात धरून मोजण्यात माझाच हात अर्धा सेकंद खातो.

साफ करण्याआधी : व्हॉट्सअॅप ६.५ सेकंद, कॅमेरा ४ सेकंद, फोटोंची गॅलरी ९ च्या वर. कुणीही म्हणेल, हा फोन संपला. मग साठवण उघडून पाहिली. ६४ पैकी जेमतेम २ जीबी मोकळी. अकरा हजारांवर फोटो, त्यातले निम्म्याहून अधिक व्हॉट्सअॅपवर आलेले सुप्रभातचे आणि सणांचे. माझे खरे फोटो बाजूला काढायलाच दुपार गेली. २०१८ च्या पावसाळ्यातला कास पठारावरचा बाबांचा फोटो सापडला, रेनकोटची टोपी डोक्यावर आणि हातात कणीस. तो छापून घ्यायचाय.

फोटो दोन ठिकाणी उतरवले, उघडून खात्री केली आणि फोन पूर्ण पुसून पहिल्यासारखा केला. फक्त लागतील ती अॅप घातली. पुन्हा मोजलं : व्हॉट्सअॅप २.८ सेकंद, कॅमेरा १.९, गॅलरी दीड.

प्रोसेसर तोच, रॅम तीच. फरक पडला तो साठवणीत. या फोनात ईएमएमसी प्रकारची साठवण आहे. तिला लिहायच्या आधी जुना मजकूर ठोकळ्या-ठोकळ्याने पुसावा लागतो. मोकळे ठोकळे हाताशी असले की काम झपाट्याने होतं. गच्च भरली की थोडंसं लिहायलाही आधी इकडचं तिकडे हलवावं लागतं, आणि ईएमएमसीत एका वेळी वाचणं किंवा लिहिणं, दोन्हीपैकी एकच चालतं. म्हणून सगळा फोन अडखळतो. "जुना झाला, हँग होतो" म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी फोनांची खरी तक्रार एवढीच असेल असं मला मनापासून वाटतं.

आईच्या फोनात व्हॉट्सअॅपचं आपोआप उतरवणं बंद ठेवायचं. निदान पंधरा जीबी कायम मोकळी हवी.

१२ जानेवारी, रविवार

आज तासभर पक्का व्हिडिओ कॉल, घरातल्या वायफायवर, समोर दादा. तो त्याचं काम करत होता, मी नोंदी करत होते. खोलीचं तापमान २४ अंश. करोनाच्या दिवसांत घेतलेली तापमान मोजायची बंदूक अजून घरात आहे, ती वस्तूंच्या पृष्ठभागासाठीही चालते. कॉलच्या शेवटी फोनची पाठ ३६ अंश, कॅमेऱ्याजवळ ३८. हाताला कोमट लागतो, बस्स.

याचं श्रेय चिपला. यात स्नॅपड्रॅगन ६२५ आहे : आठ कॉर्टेक्स-ए५३ गाभे, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, २ गिगाहर्ट्झपर्यंत, १४ नॅनोमीटरच्या पद्धतीने बनवलेले (हा आकडा जितका लहान, तितकी वीज कमी). २०१७ साली यावर बरीच नाराजी होती, आणि ती समजण्यासारखी होती. आधीच्या वर्षीच्या रेडमी नोट ३ मध्ये स्नॅपड्रॅगन ६५० होता. त्यात चार छोट्या गाभ्यांबरोबर दोन मोठे कॉर्टेक्स-ए७२ गाभे होते. एकेका गाभ्याच्या कामात नोट ३ सरळ पुढे जायचा. नव्या फोनात जुन्यापेक्षा कमी ताकद, हे लोकांना पटेना. मलाही पटलं नव्हतं.

पण ६५० हा २८ नॅनोमीटरचा. ताकद जास्त, खाणंही जास्त, तापणंही जास्त. ६२५ मध्ये मोठे गाभे नाहीतच. तो कधी धावत नाही, पण दमतही नाही. आज आठ वर्षांनी बघताना मला ती निवड योग्य वाटते. कमी तापणाऱ्या फोनाची बॅटरी कमी तापते, आणि बॅटरीचं आयुष्य खाणाऱ्या गोष्टींत उष्णता सगळ्यात पुढे. चार वर्षं रोज वापरून, वर तीन वर्षं उपाशी ठेवूनही बॅटरी फुगलेली नाही, त्यात या थंड डोक्याच्या चिपचा हात आहे असं माझं मत.

जिथे कमी पडतो तेही लिहून ठेवते. नकाशे उघडायला सात सेकंद, आणि रस्ता शोधताना पडदा अडखळतो. जड जाहिरातींची वृत्तपत्रांची पानं खाली ओढताना पांढरी दिसतात. आई नकाशे वापरत नाही, पेपर कागदावर वाचते. तिच्या कामात यातलं काही येत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. आईचा फोन आला, साध्या फोनवरून. "तिळगूळ घे, गोड बोल. फोन झाला का गं?"

१६ जानेवारी, गुरुवार

ऑफिसातून येताना बॅटरी आणायला गेले. इथे सावध राहावं लागतं. रेडमी नोट ४ या एकाच नावाचे दोन वेगळे फोन आहेत. एकात मीडियाटेक कंपनीची हेलिओ एक्स२० चिप आहे, तो फोन चीनमध्ये आधी आला. दुसरा स्नॅपड्रॅगनचा, जो भारतात विकला गेला. बाहेरून भावंडं वाटतात, आतून वेगळी. पहिल्याची बॅटरी बीएन४१, दुसऱ्याची बीएन४३.

दुकानदाराने "नोट फोर ना? हीच" म्हणत एक डबी पुढे केली. उलटून वाचली तर बीएन४१. म्हटलं, मला बीएन४३ हवी. तो म्हणाला, "चालते हो ताई, सगळे हीच टाकतात." मी न घेता निघाले. आकार आणि कनेक्टर जुळेल न जुळेल या भरवशावर लिथियमची बॅटरी कुणाच्या उशाशी ठेवत नाहीत. दुसऱ्या दुकानात बीएन४३ मिळाली. त्यांनी बिल दिलं, सहा महिन्यांची वॉरंटी लिहून दिली. बॅटरीवर छापलेली निर्मितीची तारीख माझ्यासमोर भिंगाने वाचून दाखवली. मागच्या वर्षीची आहे. जुन्या मॉडेलची बॅटरी "नवी" असली तरी चार वर्षं गोदामात पडलेली असू शकते, म्हणून ही तारीख बघायलाच हवी.

१८ जानेवारी, शनिवार

बॅटरी बदलली. सकाळी दहाला बसले, साडेअकराला उठले.

आधी फोन २० टक्क्यांच्या खाली उतरवला. चुकून अवजार लागलं तर कमी भरलेली बॅटरी कमी धोक्याची. सिमचा ट्रे काढला. ट्रे आत राहिला तर पाठ उघडताना तो अडतो आणि तुटतो. खाली चार्जिंगच्या भोकाच्या दोन्ही बाजूंचे बारीक स्क्रू काढले. पुढे सगळं चिमट्यांचं काम. जुन्या सिमकार्डाचा कोपरा घासून पातळ केला होता, तो फटीत घालून हळूहळू सरकवत गेले. टक, टक, टक असा एकेक चिमटा सुटतो. कोपऱ्यांवर घाई केली तर प्लास्टिकची पट्टी पांढरी पडते. माझी एका ठिकाणी पडलीच, डावीकडे खाली, तांदळाच्या दाण्याएवढी.

पाठ सुटली तरी ओढायची नाही. बोटाच्या ठशाचा सेन्सर पाठीला चिकटलेला आहे आणि त्याची पट्टी आत बोर्डाला जोडलेली. पुस्तकासारखं अलगद उघडायचं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मग ती पट्टी.

जुनी बॅटरी दुहेरी चिकटपट्टीने बसवलेली होती. धातूचं काही वापरलं नाही. कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब, दोन मिनिटं थांबले, मग प्लास्टिकचं कार्ड. वाकवायची नाही, ढोसायची नाही. शेवटी ती चपलेच्या तळासारखी सुटून हातात आली.

आत बघून एक गोष्ट जाणवली. आठ वर्षांच्या धुळीचा मागमूस नव्हता, फक्त स्पीकरच्या जाळीत कापसासारखा गुंता. मऊ ब्रशने काढला. चार्जिंगचं भोक खालच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे. उद्या ते सैल झालं तर तेवढाच बोर्ड बदलता येईल, मोठ्या बोर्डाला सोल्डरचा डाग द्यावा लागणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फोन दुरुस्त होणार की फेकला जाणार, हे अशा बोटभर तुकड्यांवर ठरतं.

जुन्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवली. ई-कचऱ्याच्या केंद्रात द्यायची. घंटागाडीत टाकायची नाही. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती पेट घेते.

१९ जानेवारी, रविवार

नवीन बॅटरी, तीच चाचणी. मीटरवर १७.१ वॉट-तास. हिशेबाने १५ च्या जवळ, म्हणजे छापलेल्या क्षमतेच्या ९५ टक्के.

विमान मोडमध्ये, अर्ध्या उजेडावर तोच व्हिडिओ सलग लावला : ११ तास २० मिनिटं. जुन्या बॅटरीवर शुक्रवारी हाच प्रयोग केला होता तेव्हा ५ तास १० मिनिटांत, १९ टक्क्यांवर, बंद पडला होता. १५ टक्क्यांवर कॅमेरा उघडला, टॉर्च लावला, मुद्दाम दोन्ही. चालू राहिला.

मग प्रकल्प पुढे न्यायचं ठरलं.

२२ जानेवारी, बुधवार

आजचा दिवस सॉफ्टवेअरचा, आणि इथेच या फोनाचं वय खऱ्या अर्थाने दिसलं.

आईसाठी अभंगांचं एक छोटं अॅप घातलं. उघडतं, पण यादी येत नाही, "सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही" म्हणतं. वायफाय ठीक. माझ्या रोजच्या फोनवर तेच अॅप चालतं. या फोनातल्या क्रोमवर त्याच संकेतस्थळाचं पान उघडतं. मग अॅपलाच का नाही?

दोन तास लागले. संकेतस्थळ खरं आहे हे पटवायला प्रमाणपत्र लागतं, आणि ते कुणी दिलंय त्या संस्थांची एक यादी प्रत्येक फोनात कोरलेली असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशी प्रमाणपत्रं फुकट देते, म्हणून लहान संकेतस्थळं तिचीच घेतात. तिचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइडच्या यादीत आलं आवृत्ती ७.१.१ पासून. हा फोन आहे ७.०. इतकी वर्षं दुसऱ्या एका जुन्या संस्थेच्या सहीवर काम भागत होतं. त्या सहीची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. क्रोम स्वतःची यादी बरोबर बाळगतो म्हणून तो वाचला. फोनाच्या यादीवर विसंबणारी अॅप अडली.

मूळ प्रमाणपत्र सेटिंगमधून हाताने घालता येतं. घातलं. तरी अॅप तसंच. कारण वापरणाऱ्याने घातलेल्या प्रमाणपत्रावर अॅपनी आपोआप विश्वास ठेवू नये, हा नियम अँड्रॉइडने नेमका ७.० पासूनच आणला. नियम सुरक्षेसाठी आहे आणि बरोबर आहे. पण म्हणजे ७.० ही अशी एक अडकलेली आवृत्ती : नवी यादी तिच्यात नाही, आणि जुन्या आवृत्त्यांसारखी पळवाटही नाही.

मला वाईट वाटलं ते यासाठी की यात चिपचा काही दोष नाही. हाच स्नॅपड्रॅगन ६२५ त्याच वर्षीच्या, रेडमीवाल्या शाओमी कंपनीच्याच 'मी ए१' या फोनात होता. तो गूगलच्या अँड्रॉइड वन योजनेतला, ७.१ वर आला आणि पुढे अँड्रॉइड ९ पर्यंत गेला. नोट ४ आला ६.० वर आणि ७.० ला थांबला. पुढची मीयूआय ११, म्हणजे अँड्रॉइडवरचं शाओमीचं स्वतःचं आवरण, मिळाली, पण खालचा अँड्रॉइड तोच राहिला. यंत्र तेच, एकाला वाट मिळाली, दुसऱ्याला नाही.

क्रोमचंही तेच होणार आहे. ११९ ही अँड्रॉइड ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. व्हॉट्सअॅपला मात्र अँड्रॉइड ५ पुढचं काहीही चालतं, त्यामुळे आईचं मुख्य काम आज सुरू आहे.

फोनाच्या बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, कुलूप उघडून लिनिएजओएससारखी स्वयंसेवकांनी सांभाळलेली नवी आवृत्ती घालता येते. मी दुसऱ्या फोनांवर केलंही आहे. इथे नाही करणार. मंगळवारी रात्री काही बिघडलं तर आईला शनिवारपर्यंत फोन नाही आणि मी पुण्यात. अभंगांचा उपाय साधा : लॅपटॉपवर उतरवून मेमरी कार्डात घालायचे. ट्रेमध्ये दुसऱ्या सिमच्या जागी कार्ड बसतं, आणि आईला सिम एकच.

२५ जानेवारी, शनिवार, सातारा

आता तपासणारी आई.

अक्षरं सगळ्यात मोठी केली. बोटाचा ठसा घ्यायला गेलो, पाच वेळा घेऊनही नीट बसेना. आयुष्यभर भांडी-धुणं केलेल्या हातांच्या रेषा पुसट झालेल्या, त्यात थंडीने कोरड्या. रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा लागत नाही. ठसा सोडून दिला, चौकोनी खुणेचं कुलूप ठेवलं.

मधलं बटण तिला पाच मिनिटांत जमलं. काही चुकलं की ती ते दाबते आणि "आले घरी" म्हणते. मी तिला हे वाक्य शिकवलेलं नव्हतं.

अंगणात उन्हात पडदा फिका दिसतो, फोन कुणाचा हे वाचायला हाताची सावली करावी लागते. हा खरा उणेपणा. आतल्या खोलीत उत्तम.

रेडिओ : इअरफोनची वायर हीच अँटेना, ती लावल्याशिवाय एफएम सुरू होत नाही. वायर खिडकीच्या गजाला गुंडाळली, आवाज स्पीकरवर घेतला, आकाशवाणी सातारा स्वच्छ आलं. इंटरनेट लागत नाही, बॅटरी जवळजवळ खात नाही. फोन रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा ठेवला की स्वयंपाकघरभर ऐकू येतं. डब्याची कल्पना आईची.

मग रिमोट. आधी इन्फ्रारेड जिवंत आहे का ते पाहिलं : फोनातलं रिमोटचं बटण दाबायचं आणि वरचा काळा ठिपका दुसऱ्या फोनाच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघायचा. डोळ्यांना काही दिसत नाही, कॅमेऱ्यात जांभळट ठिणगी लुकलुकते. लुकलुकली. टीव्हीची कंपनी निवडली, दाबलं, टीव्ही लागला. आई काही बोलली नाही. हळूच फोन माझ्या हातातून घेतला, टीव्ही बंद केला, परत लावला, परत बंद केला.

२६ जानेवारी, रविवार, सातारा

नेटवर्क. मागची खोली डोंगराच्या बाजूला, तिथे सगळ्यांचेच फोन रडतात. हा ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ, तिन्हींवर ४जी पकडतो, आवाजाचा कॉलही ४जी वरूनच जातो. मागच्या खोलीत दोन दांड्या, बोलणं तुटलं नाही. ५जी नाही, आणि आईच्या कशालाही ते लागत नाही.

एक गोष्ट ठामपणे ठरवली आणि दादालाही सांगितली : या फोनात पैशाचं काहीही नाही. बँकेचं अॅप नाही, यूपीआय नाही, खात्याला जोडलेला नंबरही या सिमचा नाही. अँड्रॉइड ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१९ मध्येच संपलंय. व्हिडिओ कॉलसाठी ती जोखीम मी घेईन, आईच्या पेन्शनसाठी नाही. दादा म्हणाला, मग तिला पैसे पाठवायचे कसे? आई आतून म्हणाली, "मला कुणी पाठवू नका. भाजीवाला रोखीनेच घेतो."

संध्याकाळी पहिला कॉल नाशिकला. आजी आणि नात, दोघींनी एकमेकींना आपापले दात दाखवले. नातीचे दोन पडलेत.

९ फेब्रुवारी, रविवार, सातारा

दोन आठवड्यांनी आले. आई रात्री झोपताना चार्जिंगला लावते. आज सकाळी काढला, आता संध्याकाळचे सात, ५८ टक्के शिल्लक. मधे एकदाही बंद पडलेला नाही. साठवणीत ३९ जीबी मोकळी.

तक्रार एकच, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. मायक्रो यूएसबीची पिन एकाच बाजूने जाते. आईला चष्म्याशिवाय ती बाजू दिसत नाही. दोनदा उलटी रेटली म्हणाली. भोक तपासलं, जीभ अजून सरळ आहे, वायर हलवल्यावर चार्जिंग तुटत नाही. पिनच्या वरच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा जाडसर ठिपका दिला आणि तसाच फोनच्या पुढच्या बाजूला, भोकाच्या वर. दोन थर दिले, म्हणजे बोटाला उंचवटा लागतो. वाळल्यावर तिला डोळे मिटून लावायला सांगितलं. पहिल्याच खेपेला गेली.

पुढे महाशिवरात्रीला येईन. तेव्हासाठी : कार्डात हरिपाठ घालायचा, चार्जिंगचा छोटा बोर्ड एक घेऊन ठेवायचा, बाबांचा कासचा फोटो मोठा छापून आणायचा.